दैव पाचवे: बांधकाम मजुराचा मृत्यू आणि कर्मविचार

बांधकामावरून पडून परगावचा मजूर दगावला, की त्याच्या मृत्यूचा उलगडा बहुधा ‘त्याची वेळ भरली होती’ एवढ्यावर संपतो. हे शब्द सोबतच्या मजुरांच्या तोंडी येतात, गावाकडून देह न्यायला आलेल्या नातेवाइकांच्या तोंडी येतात, आणि तेथे ते रास्तही आहेत, कारण शोकाला काहीतरी टेकू लागतो. मात्र ज्याने परांची बांधून घ्यायची होती तोच हे शब्द उच्चारू लागला, की सांत्वनाची सुटका होते. कर्मसिद्धान्त अशी सुटका देतो काय, हा प्रश्न धर्मविचाराने टाळण्याजोगा नाही.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात, चौदाव्या श्लोकात, कोणतेही कर्म घडण्यास पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आश्रय, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. भाष्यकारांनी अधिष्ठानाचा अर्थ शरीर आणि करणाचा अर्थ इंद्रिये असा केला असला, तरी या विश्लेषणाचा रोख साधा आहे: दैव कारणांपैकी एक आहे, एकमेव नाही, आणि त्याची गणना इतर चारांनंतर होते. सातव्या मजल्यावर बाहेरून गिलावा करणाऱ्या गवंड्याचा विचार या क्रमाने केला, तर आधी पायाखालची फळी पाहावी लागते, जी दोन्ही टोकांना बांधलेली नसून बांबूवर नुसती टेकवलेली असते. मग कमरेचा पट्टा पाहावा लागतो, जो तपासनिसाला दिसावा म्हणून घातलेला असतो, पण ज्याचा हूक अडकवायला वर दोरच ताणलेला नसल्याने तो मांडीशी नुसता लोंबत असतो. मग हे पाहावे लागते, की पहाटेपासून राबणारा तो माणूस स्लॅबच्या गडबडीत रात्रीही थांबवला गेला होता आणि त्याला दिलेल्या सूचना त्याच्या भाषेत नव्हत्या. एवढे सारे तपासून झाल्यावर दैवाला जागा उरते, आणि ती फार थोडी असते.

29 जून 2019 रोजी पुण्यात कोंढवा येथे एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत पावसात मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि लहान मुलांसह 15 जण मरण पावले. ती माणसे त्या वेळी काम करीत नव्हती. ती झोपेत होती. झोपलेल्या मुलाने त्या क्षणी कोणते कर्म केले, असे विचारणे क्रूर वाटते, परंतु ‘नशीब’ म्हणून मोकळे होणारा माणूस नकळत तेच विचारत असतो. भिंतीच्या पायथ्याशी खोल्या उभारण्याची जागा मुलाने निवडलेली नव्हती, आणि निवडणे हेही कर्मच आहे.

येथे पूर्वमीमांसेचा, म्हणजे यज्ञकर्माची चिकित्सा करणाऱ्या दर्शनाचा, एक विचार उपयोगी पडतो. यज्ञातील बहुतेक क्रिया ऋत्विज करतात, तरी फळ यजमानाला मिळते, कारण दक्षिणा देऊन त्याने त्यांचे श्रम विकत घेतलेले असतात. या व्यवहाराला मीमांसक ‘परिक्रय’ म्हणतात. इमारतीचा व्यवहार हुबेहूब असाच आहे: घमेले मजूर उचलतो आणि इमारत मालकाची होते. हे मान्य केल्यावर, ज्या न्यायाने श्रमाचे फळ मालकाकडे जाते त्याच न्यायाने श्रमातील वैगुण्याचा, म्हणजे उणिवेचा, भारही त्याच्याकडेच गेला पाहिजे, असा निष्कर्ष काढणे सयुक्तिक ठरते. फळ एकाचे आणि घात दुसऱ्याचा, ही वाटणी त्या विचारात कशी बसवावी हे कळत नाही. खोदकामात मेलेल्या किडामुंगीच्या हिंसेचेही परिमार्जन वास्तुशांतीने होते, असे परंपरेने मानले आहे. मग त्याच पायात जीव गमावलेल्या माणसाचे स्मरण त्या विधीत सहसा होत नाही, याची खंत धार्मिक माणसालाच अधिक वाटायला हवी.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पूर्वजन्मीच्या कर्माची उपपत्ती नाकारली, ती नेमकी याच कारणासाठी: गरिबाच्या अवस्थेची जबाबदारी तिच्यामुळे समाजावरून आणि राज्यावरून उतरवली जाते. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळलेल्या माणसाचा हा निष्कर्ष केवळ तर्काचा नव्हता. पुढे 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने ही जबाबदारी कागदावर आणली, पण कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी गेल्या बारा महिन्यांत किमान 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि दर महिन्याला साइट व मुकादम बदलणाऱ्या माणसाला तो कोणी लिहून द्यायचा, हा पेच नाक्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक मजुरापुढे असतो. तेथे ‘कर्ता कोण’ हा प्रश्न दर्शनग्रंथातला राहत नाही.

पडण्याचा मृत्यू निदान दिसतो. ग्रॅनाइट आणि फरशी कोरडी कापताना उडणारी सिलिकाची धूळ नाकाला बांधलेल्या गमछ्यातून आत जाते, कारण तिचे घातक कण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक असतात, आणि बहुधा वर्षानुवर्षे साचल्यानंतर सिलिकोसिस हा बरा न होणारा फुप्फुसाचा रोग प्रकट होतो. कापताना पात्यावर पाण्याची धार सोडली, तर यातली बरीच धूळ जागीच बसते. आज केलेल्या यज्ञाचे फळ पुष्कळ काळाने कसे मिळते, हे सांगण्यासाठी मीमांसकांनी ‘अपूर्व’ नावाची एक न दिसणारी शक्ती कल्पिली, जी कर्म आणि फळ यांच्यामधला काळ भरून काढते. गावी परतलेल्या, चार पावलांवर धाप लागणाऱ्या मजुराच्या बाबतीत तशा कल्पनेची गरज नाही. दोहोंमधला दुवा त्याच्या छातीच्या क्ष-किरण चित्रात पांढऱ्या ठिपक्यांनी उमटलेला असतो.