तीन पाकळ्या, एक वर

बसला आहात तिथेच बसा. वाचायची घाई नको. दोन ओळींच्या मध्ये एखादा श्वास सावकाश घेतलात तर उलट बरंच.

आधी पाणी आठवा. घरी कुल्फी लावली की मिश्रण रात्रभर फ्रीजरमध्ये हळूहळू गोठतं, आणि दुसऱ्या दिवशी दाताखाली बर्फाचे कण करकरतात. सवड मिळाली की पाणी असंच वागतं. त्याचे रेणू रांगा धरतात, स्फटिक बांधतात, आणि रांगेत न बसणारं सगळं बाजूला ढकलतात. त्या रेटारेटीत एखादं नाजूक प्रथिन सापडलं, तर त्याचा मूळ आकार शिल्लक राहत नाही.

आता अशा पाण्याची कल्पना करा, ज्याला ती सवडच मिळाली नाही. तीन मिलिमीटर व्यासाची धातूची गोल जाळी आहे. तिच्यावर प्रथिनाच्या द्रावणाचा छोटा थेंब. टिपकागद टेकवून जास्तीचं पाणी टिपून घेतात, आणि जाळीवरच्या बारीक भोकांमध्ये नॅनोमीटरांतच मोजता येईल असा पातळ पडदा उरतो. मग चिमट्यात धरलेली ती जाळी झपकन द्रवरूप इथेनमध्ये बुडते, शून्याखाली १८० अंशांच्या आसपास. पाणी थिजतं, पण त्याचे स्फटिक होत नाहीत. काच व्हावी तसं ते होतं. जे जिथे, जसं तरंगत होतं, ते तिथेच तसंच राहतं.

जर्मनीतल्या हायडेलबर्गला शास्त्रज्ञ झाक द्युबोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे पाणी साधलं, आणि १९८४ मध्ये त्यात थिजलेल्या विषाणूंची चित्रं छापली. त्याआधी विषाणू पाहायचा तर बहुतेक वेळा त्याला वाळवून, भोवती जड धातूचा रंग भरून पाहावं लागे. ती रीत आजही उपयोगाची आहे. भारतातल्या पहिल्या कोरोनारुग्णाच्या घशाच्या स्वॅबमधला एक कण पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याच रीतीने २०२० मध्ये पाहिला होता. ७५ नॅनोमीटरचा एक गोल, आणि त्याच्या कडेला काट्यांची झालर. केसाच्या रुंदीत असे हजारभर गोल शेजारी शेजारी मावतील.

त्या झालरीतला एकच काटा मनात धरा. बाकीचे सोडून द्या.

तो पाहायचा तर त्याच्यावर इलेक्ट्रॉन सोडावे लागतात, आणि नेमके तेच इलेक्ट्रॉन त्याला जाळतात. म्हणून अगदी थोडे सोडायचे. असा फोटो समोर आला की पहिल्यांदा निराशाच होते: राखाडी पसारा आणि त्यात राखाडी डाग. पण डाग हजारोंनी आहेत. कुणी आडवा, कुणी उभा, कुणी डोक्यावर. ते वेचायचे, एकाच दिशेचे एकावर एक ठेवायचे. खरखर प्रत्येक डागात वेगळी असते, म्हणून ती एकमेकींना खोडते. आकार तोच असतो, म्हणून तो साठत जातो. आरतीला जमलेल्या प्रत्येकाचा सूर थोडा इकडेतिकडे असतो, तरी रस्त्यावर उभ्या माणसाला चाल नीट ऐकू येते, तसं हे.

इथे जरा जास्त वेळ थांबूया, कारण मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट इथेच दिसते.

नुसत्या खरखरीचे हजार फोटो घ्या, ज्यांत काहीही नाही. संगणकाला आइनस्टाइनचा चेहरा दाखवा आणि सांगा, याच्याशी जुळवून हे एकावर एक रचत जा. शेवटी आइनस्टाइनचाच चेहरा उमटतो. याच तंत्रावर काम करणाऱ्या रिचर्ड हेंडरसन यांनी २०१३ मध्ये आपल्याच क्षेत्रातल्या लोकांना याची परखडपणे आठवण करून दिली होती. जे पाहायची इच्छा आहे, ते धुक्यातही दिसतं. म्हणून फोटोंतले डाग दोन ढिगांत वाटतात. दोन्ही ढिगांवर वेगवेगळं काम चालतं, एकाला दुसऱ्याचं काही कळू देत नाहीत. शेवटी दोन आकार शेजारी ठेवतात, आणि जितक्या बारकाव्यापर्यंत ते जुळतात, तेवढाच खरा मानतात.

तुमच्या मनातल्या काट्याकडे परत या. काही विचारू नका त्याला. नुसते पाहा.

२०२०च्या जानेवारीत नव्या कोरोनाविषाणूची जनुकीय क्रमवारी जाहीर झाली. टेक्सासमधल्या ऑस्टिनला जेसन मॅक्लेलन यांच्या प्रयोगशाळेने त्यावरून काट्याचं प्रथिन बनवलं, ३,२०७ फोटो घेतले, आणि फेब्रुवारीत त्याचा आकार जगासमोर ठेवला, साडेतीन अँगस्ट्रॉमच्या बारकाव्याने. काटा तुमच्याएवढा उंच मानला, तर हा बारकावा साधारण दोन बोटांच्या रुंदीचा. एकमेकींना बिलगलेल्या तीन सारख्या साखळ्या. माथ्यावर तीन पाकळ्या. त्यांतल्या दोन मिटलेल्या, एक उचललेली.

ती उचललेली पाकळी आपल्या पेशीवरच्या एसीई-२ नावाच्या प्रथिनाला हात घालते. त्या वर्षी आपल्या घरांत जे घडलं, त्याची सुरुवात इतक्याशा हालचालीतून होत होती. ज्यांचं माणूस गेलं, त्यांना इथे थांबावंसं वाटेल. थांबा.

हा काटा ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो, सुटला की त्याचं रूपच बदलतं. तो सुटू नये म्हणून ऑस्टिनला त्याच्या साखळीत दोन जागी प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल घातलं होतं. प्रोलीन ताठ असतं, मोडलेल्या हाताला बांधलेल्या फळीसारखं. मर्स या आजाराच्या विषाणूवर काम करताना ही युक्ती आधीच सापडली होती. पुढे अनेक लशींत तीच आली. सीरम इन्स्टिट्यूटने पुण्यात बनवलेल्या कोवोव्हॅक्समधलं प्रथिनही असंच फळी बांधलेलं.

आता ऑस्टिनच्या त्या चित्राच्या कडांकडे नजर न्या. प्रथिनाला चिकटलेल्या साखरेच्या फांद्यांचे फक्त बुंधे दिसतात. शेंडे नाहीत. खाली देठही नाही. पुढच्या काही महिन्यांत जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी अख्ख्या विषाणूवरचे काटे पाहिले, तेव्हा देठात तीन सांधे सापडले. त्यांना नावं पडली खुबा, गुडघा आणि घोटा.

आणि ती उचललेली पाकळी? तीही बाकीच्या भागापेक्षा पुसट आहे. पुन्हा पाहा, डोळे मिटून पाहिलंत तरी चालेल. काचेसारख्या पाण्यात थिजताना ती कुठे थोडी खाली होती, कुठे थोडी वर, प्रत्येक काट्यात वेगळी. एकावर एक रचल्यावर उरला तो तिचा पुसटपणा. चित्रात तिची हालचाल आहे ती तेवढीच.