जपमाळ, भाकर आणि रक्त : ‘ड्रॅक्युला’तील पावित्र्याचा प्रश्न

ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून तिच्याकडे बहुतेक वेळा भयकथा म्हणून, आणि अलीकडच्या काळात दडपलेल्या कामवासनेचे किंवा परकीयांविषयीच्या भीतीचे रूपक म्हणून पाहिले गेले आहे. ही वाचने खोटी नाहीत. परंतु त्यांच्या गर्दीत कादंबरीच्या गाभ्याशी असलेला धार्मिक प्रश्न मागे पडतो. पवित्र मानलेल्या वस्तूत जे सामर्थ्य असते ते त्या वस्तूचे, की ती हाती धरणाऱ्याच्या श्रद्धेचे, हा तो प्रश्न होय. आणि डब्लिनमधील प्रोटेस्टंट कुटुंबात १८४७ साली जन्मलेल्या स्टोकर यांच्या कथेतून त्याला मिळणारे उत्तर त्यांच्या स्वतःच्या पंथाच्या शिकवणुकीशी जुळत नाही.

हा प्रश्न कथेत अगदी आरंभीच उभा राहतो. ट्रान्सिल्व्हेनियातील बिस्ट्रिट्झ गावी सेंट जॉर्जच्या सणाच्या आदल्या दिवशी खानावळीची मालकीण जोनाथन हार्कर या तरुण इंग्रज वकिलाच्या गळ्यात आपली जपमाळ घालते. हार्कर इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचा अनुयायी असून क्रूसमूर्ती जवळ बाळगणे ही एक प्रकारची मूर्तिपूजाच आहे, असे त्याला लहानपणापासून शिकवलेले असते; तरीही म्हातारीचे मन मोडू नये म्हणून तो ती ठेवून घेतो. पुढे काउंट ड्रॅक्युला या रक्तपिपासू पिशाच्चाच्या गढीत सकाळी दाढी करताना खांद्यावर हात पडतो, समोरच्या आरशात मात्र कोणीच दिसत नाही. दचकून वस्तरा लागतो आणि हनुवटीवर रक्ताची धार उतरते. ते पाहताच काउंट त्याच्या गळ्यावर झडप घालतो, परंतु त्याचा हात क्रूस अडकवलेल्या मण्यांना लागतो आणि क्षणार्धात त्याचा आवेश ओसरतो. हार्करने या वेळी प्रार्थना केलेली नाही, देवाचा धावाही केलेला नाही. त्या मण्यांत स्वतःचे असे काही सत्त्व आहे, की ते केवळ दुसऱ्याच्या मायेची आठवण करून देणारे साधन आहे, असा प्रश्न तो नंतर रोजनिशीत स्वतःलाच विचारतो आणि तो तसाच सोडून देतो. कथानक मात्र तो सोडत नाही. धारण करणाऱ्याच्या श्रद्धेची वाट न पाहता वस्तू काम करते, हेच पुढे वारंवार दिसून येते.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. कॅथलिक धर्मशास्त्रानुसार बाप्तिस्मा, मिस्सा यांसारख्या संस्कारांची सिद्धी संस्कार देणाऱ्याच्या योग्यतेवर अवलंबून नसते, तर विधी यथासांग पार पडल्यानेच ती होते. परंतु जपमाळ हा संस्कार नव्हे, ते भक्तीला साहाय्यक ठरणारे साधन आहे, आणि अशा साधनाचे फळ चर्चच्या प्रार्थनेवर व भक्ताच्या मनोभूमिकेवर अवलंबून असते. म्हणजे हार्करच्या गळ्यातील माळेला स्टोकर यांनी जे सामर्थ्य दिले, ते कॅथलिक सिद्धान्ताच्याही पलीकडचे आहे. लोकधर्मातील ताइताच्या जातीचे ते सामर्थ्य आहे.

ज्या काळात हे लिहिले गेले त्या काळी इंग्लंडमध्ये हा वाद केवळ पंडितांपुरता नव्हता. अँग्लिकन चर्चच्या एकोणचाळीस कलमांपैकी अठ्ठाविसावे कलम द्रव्यांतरणाचा सिद्धान्त नाकारते. मिस्सेत अर्पिलेली भाकर आणि द्राक्षारस बाहेरून तसेच दिसत राहिले तरी त्यांचे मूळ द्रव्य ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते, असा तो सिद्धान्त. तरीही मेणबत्त्या, धूप, झगे अशा जुन्या विधींकडे ओढले जाणारे अँग्लिकन धर्मगुरू वाढत होते, १८७४ साली त्यांना आवर घालण्यासाठी पार्लमेंटने कायदा केला, आणि त्या कायद्यापायी काहींना तुरुंगवासही घडला. १८९६ साली पोप तेरावे लिओ यांनी अँग्लिकन धर्मगुरूंची दीक्षाच निरर्थक असल्याचे जाहीर केले. या निर्णयानुसार त्यांच्या वेदीवरील भाकर ही भाकरच राहते. पुढच्याच वर्षी आलेल्या या कादंबरीत लंडनच्या वेशीवर आलेल्या अरिष्टाला तोंड देणारी पवित्र भाकर अॅम्स्टरडॅमहून एका कॅथलिक प्राध्यापकाने आणावी, ही बाब स्टोकर यांनी हेतुतः योजली असो वा नसो, अर्थपूर्ण आहे.

हा प्राध्यापक म्हणजे व्हॅन हेल्सिंग. काउंटने रक्त शोषून पिशाच्च बनवलेल्या ल्युसीच्या थडग्याच्या फटी बुजवण्यासाठी तो ही पवित्र भाकर कुस्करून लुकणासारख्या लगद्यात मळतो, आणि त्यासाठी आपल्यापाशी इन्डल्जन्स असल्याचे सांगतो. इन्डल्जन्स म्हणजे क्षमा झालेल्या पापाबद्दल भोगावयाच्या ऐहिक दंडातून मिळणारी सूट. ती कोणत्याही कृत्याची आगाऊ परवानगी नव्हे. श्रद्धावान कॅथलिकाच्या दृष्टीने हे कृत्य घोर विटंबनाच ठरेल. स्टोकर यांना कॅथलिक पंथाचे सामर्थ्य हवे आहे, पण त्याची शिस्त त्यांना अवगत नाही. तथापि या अज्ञानातूनच कादंबरीची खरी ओढ उघड होते. तर्काने सोडून दिलेल्या गोष्टी संकटात पुन्हा हव्याशा वाटणे, ही त्या पिढीची व्यथा होती.

दुष्टत्वाविषयीचा विचार याहून खोल आहे. दुष्टत्वाला स्वतःचे अस्तित्व नाही, ते केवळ शिवाचा अभाव आहे, असे चौथ्या-पाचव्या शतकातील संत ऑगस्टीन यांनी प्रतिपादिले. काउंट हे या अभावाचे जणू शरीरच आहे : त्याला प्रतिबिंब नाही, सावली नाही, स्वतःचे रक्त नाही, आणि आमंत्रण मिळाल्याखेरीज त्याला कोणाच्या घरात पहिले पाऊलही टाकता येत नाही. सर्वांत विलक्षण बाब अशी की पन्नास पेट्यांतून तो इंग्लंडमध्ये आणतो ती माती त्याच्या पूर्वजांच्या पवित्र केलेल्या भूमीतील आहे, कारण पावित्र्याचा स्पर्श नसलेल्या मातीत त्याला विसावा मिळत नाही. ज्याचा तो शत्रू आहे त्याच्याच आश्रयाने तो जगतो. त्याच्या प्रभावाखालील रेनफिल्ड हा वेड्यांच्या इस्पितळातील रुग्ण माश्या, कोळी, पाखरे गिळतो तो दुसऱ्याच्या जिवावर जगण्याची हीच वृत्ती अंगी बाणवून. रक्त हेच जीवन, म्हणून ते खाऊ नये, अशी मोशेच्या धर्मशास्त्राची आज्ञा आहे. रेनफिल्ड त्या वाक्याचा पूर्वार्ध घेतो आणि निषेध टाकून देतो.

हार्करची पत्नी मिना हिला काउंट आपल्या छातीतील रक्त बळजबरीने पाजतो, तो प्रसंग ख्रिस्ताने स्वेच्छेने दिलेल्या रक्ताचे विपरीत रूप आहे, हे अनेक टीकाकारांनी दाखवून दिले आहे. त्यानंतरचा प्रसंग मात्र अधिक अस्वस्थ करणारा आहे. तिचे रक्षण व्हावे म्हणून व्हॅन हेल्सिंग तिच्या कपाळाला पवित्र भाकर लावतो आणि तापलेल्या धातूने डागावे तशी ती कातडी जाळते. मिना सर्वस्वी निरपराध असूनही ती स्वतःला अपवित्र म्हणवते. ज्या वस्तुनिष्ठ पावित्र्याने हार्करला त्याच्या अश्रद्धेकडे न पाहता वाचवले, तेच येथे मिनाच्या निर्दोषत्वाकडे न पाहता तिला डागते. पावित्र्य नियमासारखे आंधळे चालत असेल, तर त्यात न्यायाला जागा कोठे, हा प्रश्न कादंबरीने टाळलेला नाही, आणि याच धैर्यामुळे ती निव्वळ भयकथेच्या वर उठते.

त्यावरचे उत्तर मिनाच देते. ज्याने हे सारे दुःख घडवले त्याचीच स्थिती सर्वांत दयनीय असल्याचे ती काउंटचा पाठलाग करणाऱ्या पुरुषांना सांगते आणि त्याच्या नाशातही करुणा असावी अशी विनवणी करते. हार्कर त्याला नरकात लोटण्याची भाषा करतो तेव्हा, आपल्यालाही एके दिवशी अशाच दयेची गरज पडू शकेल, हे ती त्याच्या ध्यानात आणून देते. क्रूस आणि भाकर दुष्टत्वाला केवळ अडवतात; दुष्टाच्याही मुक्तीचा विचार अशा स्त्रीच्या मुखातून येतो, जिच्या कपाळावर पावित्र्याने डाग दिलेला आहे. काउंटच्या मृत्युक्षणी त्याच्या चेहऱ्यावर शांती उमटलेली तीच पाहते.

आणि तो मरतो कशाने? लाकडी खुंट्याने नव्हे, पवित्र भाकरीने नव्हे. हार्करची कुकरी गळ्यावर फिरते आणि क्विन्सी मॉरिस या अमेरिकनाचा सुरा हृदयात घुसतो. मॉरिस स्वतः त्या झटापटीतील जखमेने मरतो आणि मिनाच्या कपाळावरचा डाग नाहीसा होतो. इतका वेळ वस्तूंवर विसंबलेली ही कथा शेवटी माणसाच्या आत्मार्पणाकडे वळते, आणि ते वळण कादंबरीच्या अखेरच्या टिपणातही कायम राहते. सात वर्षांनंतर हार्कर नोंदवतो की मूळ कागद जवळजवळ उरलेलेच नाहीत, आहेत त्या बहुतांशी टंकलिखित प्रती, आणि तेवढ्यावरून कोणी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करता येणार नाही. त्यावर व्हॅन हेल्सिंग म्हणतो की आपल्याला पुरावा नको आणि कोणी विश्वास ठेवावा अशी आपली मागणीही नाही. पवित्र भाकर सामानात घालून समुद्रापलीकडून आलेला हा कॅथलिक प्राध्यापक अखेरीस हातात धरता येईल अशा कोणत्याही वस्तूवाचून केवळ साक्षीवर उभा राहतो.