एकटेपण आणि एकांत



आजचं चिंतन गीतेच्या तेराव्या अध्यायावर. ज्ञानाची लक्षणं सांगताना भगवंत एकांत जागेची आवड हेही एक लक्षण सांगतात. खरं सांगू? हे वाचून मला आधी रागच आला होता. तेव्हा नोकरीसाठी मी इंग्लंडात, नॉटिंगहॅमला एकटी राहत होते. रविवारी आईचा फोन ठेवला की खोली खायला उठायची. यात कसलं आलंय ज्ञान?

अशाच एका रविवारी ग्रँथमजवळचं वूल्सथॉर्प मॅनर बघायला गेले. नाव मॅनर, पण आहे चुनखडीच्या दगडाचं, सतराव्या शतकातलं शेतकऱ्याचं घर. इथे १६४२ मध्ये न्यूटन जन्मला. वडील त्याच्या जन्माआधीच गेलेले. तो तीन वर्षांचा असताना आईने दुसरं लग्न केलं आणि त्याला इथेच आजीजवळ ठेवून ती नव्या घरी गेली. ते त्याच्या मनात किती रुतलं असेल! १६६२ मध्ये त्याने स्वतःच्या पापांची यादी लिहिली. आई आणि सावत्र वडिलांना घरासकट जाळायची धमकी दिली होती, हेही त्यात कबूल केलंय.

१६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिजचं विद्यापीठ बंद पडलं आणि तो पुन्हा याच घरी आला. इथल्या अंधाऱ्या खोलीत, खिडकीच्या झडपेतून येणारा किरण तो लोलकातून बघत बसायचा. पांढऱ्या उजेडात दडलेले रंग त्याला उलगडत गेले.

भिंती त्याच होत्या. मन कुठे लागलंय, एवढंच बदललं होतं.

परत येऊन श्लोक पुन्हा वाचला आणि सुटलेली गोष्ट दिसली. त्याच श्लोकात आधी अनन्य भक्ती येते, एकांत नंतर! भगवंत नुसतं एकटं बसा म्हणत नाहीत. आधी स्वतःची सोबत देतात, मग एकांतात बसवतात.

म्हणून माझं एकटेपण लगेच पळालं असं नाही. आईची आठवण यायचीच. पण रात्री दिवा लावून नाम घ्यायला लागले, तेव्हा ती खोली हळूहळू माझी झाली.

आज दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून नाम घेऊया. पण त्याआधी घरात मागे राहिलेल्या आईला, आजीला एक फोन करा. एकांत आपण स्वतःसाठी निवडायचा असतो, दुसऱ्यावर लादायचा नसतो.

रामकृष्ण हरी!