सावधपणा आणि विश्वास

जुनी वस्तू विकत घेणे हा केवळ काटकसरीचा प्रश्न आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. किंचित विचार केला तर असे दिसेल की तो त्याहून अधिक नीतीचा प्रश्न आहे. नव्या वस्तूमागे दुकान असते, पावती असते, हमी असते. जुन्या वस्तूमागे उभा असतो तो एक माणूस, आणि तोही बहुधा अनोळखी. त्याच्याकडे मूळ पावती मागणे, त्याच्या घरी एकटे जाण्याचे नाकारणे, पैसे मोजण्यापूर्वी वस्तू चालवून पाहणे, हा त्याच्या सचोटीचा अपमान नव्हे काय? आधी चोर मानावे आणि मग साव ठरवावे, हा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आपल्या आज्यांना हा प्रश्न पडत नसे. जुनी लुगडी आणि नवे पातेले यांची घासाघीस बोहारणीशी दारातच चाले. पातेले ठोकून पाहिले जाई, लुगड्याची घडी उजेडाकडे धरली जाई, शेजारणी साक्षीला असत. पण कोणाचा मान दुखावल्याचे ऐकिवात नाही. अहमदाबादेत साबरमतीच्या काठी भरणारी रविवारची गुजरी घ्या, की पुण्याचा जुना बाजार घ्या. तेथेही पारख चालते ती चारचौघांत. आज हाच सौदा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ठरतो. शेजारीण गेली, साक्षीदार गेले, आणि जी तपासणी व्यवहाराचा सहजभाग होती ती आता व्यक्तीवरील संशयासारखी वाटू लागली.

या प्रश्नाचा विचार आपल्या धर्मशास्त्राने फार पूर्वी केलेला आहे. जो मालक नव्हे त्याने केलेल्या विक्रीला ‘अस्वामिविक्रय’ म्हणत आणि तो व्यवहाराचा एक स्वतंत्र विषय मानला जाई. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार अशी विकली गेलेली वस्तू मूळ धन्याला परत मिळते. आणि जो हीन माणसाकडून, एकांतात, फार कमी किमतीला किंवा अवेळी खरेदी करतो, तो स्वतःच चोर ठरतो. कौटिल्यानेही जुन्या मालाची विक्री बाजारात होऊ द्यावी ती विकणाऱ्याची मालकी सिद्ध झाल्यावरच, असे सांगितले आहे.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, या नियमांचा रोख खरेदीदाराच्या खिशाकडे नाही. तो आहे एका तिसऱ्या माणसाकडे, जो सौद्याच्या जागी हजर नसतो. ज्याची सायकल काल रात्री जिन्याखालून गेली, तो हा माणूस. अर्ध्या किमतीत ती आपण घेतली की चोरीला गिऱ्हाईक मिळते आणि त्याचे नुकसान पक्के होते. १९३० चा मालविक्री कायदाही सामान्यतः हेच मानतो की, विकणाऱ्यापाशी जो हक्क नाही तो विकत घेणाऱ्याला मिळत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे, चोरीची आहे असे मानण्यास कारण असूनही वस्तू अप्रामाणिकपणे घेणे हा गुन्हा आहे. म्हणून जुना भ्रमणध्वनी घेण्यापूर्वी त्याचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पडताळणे, ही समोरच्यावरील अविश्वासाची खूण नसून त्या अनुपस्थित धन्याविषयीचे कर्तव्य आहे.

मात्र स्मृतीच्या चार खुणांपैकी एक आपण सोडून दिली पाहिजे. एकांत, अल्प किंमत आणि अवेळ या तीन खुणा व्यवहाराच्या आहेत. ‘हीन’ ही खूण माणसाची आहे. मिताक्षराकार विज्ञानेश्वराने तिचा अर्थ, ती वस्तू मिळवण्याचे साधन ज्याच्यापाशी नाही असा मनुष्य, असा लावला. हा अर्थ सौम्य खरा. तरी त्यातूनही गरीब माणसाच्या हातातील चांगली वस्तू संशयास्पद ठरते. ज्याच्यापाशी पावती उरलेली नाही असा मजूर आजारपणासाठी आपले शिलाईयंत्र विकतो, तेव्हा त्याच्या कपड्यांवरून निवाडा करणे हा अन्यायच होय. त्याला दिवसाउजेडी, वस्तीतल्या माणसांसमोर भेटावे, यंत्र कोठून आले ते विचारावे, त्याच्या अडचणीचा फायदा न घेता रास्त किंमत द्यावी आणि दोघांच्या सहीची चिठ्ठी करावी. उघडेपणा ही श्रीमंतालाही आणि गरिबालाही सारखीच परवडणारी हमी आहे.

विकणाऱ्याचे काय? सिसेरोने ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात असाच प्रश्न घातला आहे: घराचे दोष फक्त मालकालाच ठाऊक आहेत, ते न सांगता त्याने घर विकावे काय? न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे, असे डायोजेनिस म्हणतो; अँटिपेटरला ते मान्य नाही. सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने पडतो. आपला १९३० चा कायदा गुणवत्तेची हमी, काही अपवाद सोडता, विकणाऱ्यावर लादत नाही. म्हणूनच जेथे कायदा थांबतो तेथून सचोटीचे काम सुरू होते.

विकणाऱ्यालाही धोका आहेच. सैन्यातला अधिकारी म्हणवणारा एखादा अनोळखी गिऱ्हाईक ‘पैसे पाठवतो, सांकेतिक क्रमांक टाका’ असे सांगतो; वास्तविक यूपीआयवर तो क्रमांक पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नव्हे. मोटारसायकल विकली, पण नोंदणी आपल्याच नावावर राहिली, तर पुढील अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाकडे येऊ शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय आहे. राज्यातल्या राज्यात वाहन विकल्यास १४ दिवसांत हस्तांतर कळवण्याचे बंधन मोटार वाहन कायद्याने विक्रेत्यावर घातले आहे, ते उगाच नव्हे.

तेव्हा विश्वास आणि सावधपणा यांत निवड करावयाची नसते. प्रामाणिक माणसाला उजेडाचे भय नसते. उलट आपली सचोटी दाखवण्याची संधी त्याला उजेडातच मिळते. पावती मागणाऱ्यावर जो रागावतो त्याला आपण नम्रपणे इतकेच सांगावे की, हा प्रश्न तुमच्याविषयी नाही. या वस्तूचा दुसरा कोणी धनी असेल, तर त्याच्या वतीने आम्ही विचारीत आहो.