वहीत पहिलं नाव कुणाचं?

रात्री तीनच्या चहाला आमच्या रिंग खात्यातला एक डॉफर पोरगा म्हणाला, "समजा ती वही तुमाला घावली. पैलं नाव कुणाचं लिवणार?"

आम्ही चौघं होतो. कुठली वही, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी मोबाईलवर ती मालिका बघितलेली. आणि गंमत म्हणजे नाव आठवायला कुणालाच वेळ लागला नाही. एकानं तर यादीच म्हणून दाखवली, सुपरवायझरपासून सुरुवात करून पार त्याच्या गावच्या पाटलाच्या आज्यापर्यंत. आज्जा कधीच मेलाय म्हणालो, तर म्हणे परत मारतो. हसलो, उठलो, साच्यावर गेलो. तुटलेले धागे सांधत होतो, पण हसू काही वेळानं गेलं आणि नाव डोक्यात राहिलं. त्या नावापायी हे लिहितोय.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'डेथ नोट' ही जपानी चित्रकथा. त्सुगुमी ओबानं लिहिली, ताकेशी ओबातानं चितारली. २००३ ते २००६ साप्ताहिकात क्रमशः आली, आणि २००६ च्या ऑक्टोबरपासून तिची सदतीस भागांची मालिका झाली. र्‍यूक नावाचा एक मृत्युदेव कंटाळा आला म्हणून आपली वही माणसांच्या जगात टाकून देतो. नुसता कंटाळा आला म्हणून, हे ध्यानात ठेवा. वहीत ज्याचं नाव लिहाल आणि लिहिताना ज्याचा चेहरा डोळ्यांपुढं धराल, तो चाळीस सेकंदांत हृदय बंद पडून मरतो. वही लाईट यागामी या पोराला घावते. शाळेत पहिला, बाप पोलिसातला बडा अधिकारी. तो गुन्हेगारांची नावं लिहायला लागतो. लोक त्याला 'किरा' म्हणून भजायला लागतात. त्याला म्हणायचं असतं, मी नव्या जगाचा देव. त्याच्यासमोर उभा राहतो एल. अनवाणी, खुर्चीवर उकिडवा बसणारा, सारखं गोड खाणारा, नाव-चेहरा दडवून ठेवणारा गुप्तहेर.

आपल्यातली कॉलेजात गेलेली पोरं सांगतात, लाईट म्हणजे नीत्शेचा अतिमानव. देव मेला, मग ह्यानं स्वतःची नीती स्वतः घडवली. (आपण बाबासाहेबांना महामानव म्हणतो तो शब्द निराळा, त्याची इथं भेसळ नको.) मी बारावी नापास माणूस. नीत्शे मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचला, अर्धा समजला असेल. पण जेवढा समजला तेवढ्यावरनं सांगतो, हे चूक आहे. लाईटनं एकही नवं मूल्य घडवलेलं नाही. चोर वाईट, खुनी वाईट, त्यांना मारा. यात नवं ते काय? हे तर आमच्या चाळीच्या कोपर्‍यावरचा पानवालाही सांगतो. नवी फक्त वही.

आणि नावं कुठून आणतो तो? टीव्हीच्या बातम्यांतून. म्हणजे पोलीस ज्याला धरणार, टीव्ही ज्याचं तोंड दाखवणार, त्याचं नाव हा लिहिणार. यादी दुसर्‍याची, अक्षर ह्याचं. ह्याला देव म्हणायचं की कारकून? आपल्याकडं २०२२ च्या सरकारी आकड्यांत तुरुंगातल्या दर चार कैद्यांमागे सुमारे तीन कच्चे कैदी होते. गुन्हा शाबीत झालेला नाही, जामिनाला पैसा नाही. टीव्हीवर ज्यांची नावं-तोंडं सहज येतात ती कुणाची असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. लाईट इथं जन्मला असता तर त्याच्या वहीत आपल्याच वस्त्यांची पानंच्या पानं भरली असती, आणि त्याचा हात जरासुद्धा कापला नसता.

मग एल चांगला? थांबा. त्याचा पहिला डाव आठवा. लिंड एल. टेलर नावाचा फाशीचा कैदी तो टीव्हीपुढं बसवतो आणि हाच एल आहे असं भासवतो. कैदी किराला दुष्ट म्हणतो. लाईट चिडतो, नाव लिहितो, कैदी मरतो. प्रक्षेपण जगभर असल्याचं सांगितलेलं असतं, खरं ते जपानच्या कांतो भागातच दाखवलेलं. एवढ्यावरनं एल ओळखतो की किरा कांतोत आहे. बुद्धीची कमाल, मालिकेतला सगळ्यात जबरा प्रसंग. मी पहिल्यांदा बघताना टाळी मारली. दुसर्‍यांदा बघताना टाळी वाजेना. तो कैदी आज मरणारच होता, म्हणून तो वापरायला मोकळा. तिकडं लाईटही वहीचे नियम तपासायला तुरुंगातलेच कैदी मारून बघतो. दोन हुशार पोरं समोरासमोर बसून बुद्धिबळ खेळतात आणि पटावरची प्यादी एकाच कोठडीतून आणतात. याच्यावर वाद घालणारा माणूस मला अजून भेटला नाही. सगळे विचारतात, दोघांत हुशार कोण?

तरी दोघांत एक फरक मी मानतो. एल आकडे बोलतो. तुझ्यावर माझा पाच टक्के संशय आहे, म्हणतो. त्याला पुरावा लागतो, आपण चुकू शकतो हे त्याला ठाऊक असतं. लाईटला संशय म्हणून कधी येत नाही. शोधायला आलेले अमेरिकेचे बारा तपास अधिकारीही तो मारतो. त्यांनी कुठला गुन्हा केला होता? देवाला हुडकत आले, एवढाच.

नीत्शेनं १८८२ च्या पुस्तकात एका वेड्याच्या तोंडून देव मेल्याचं सांगितलं. भर सकाळी कंदील घेऊन बाजारात देव हुडकणारा वेडा. तो विचारतो, आपणच मारला त्याला, आता या कृत्याला शोभायला आपल्यालाच देव व्हावं लागणार की काय? लाईटनं हा प्रश्न उत्तर म्हणून घेतला. खुर्ची रिकामी दिसली, जाऊन बसला. १९५६ साली नागपूरला आपण देव नाकारले तेव्हा बाबासाहेबांनी त्या खुर्चीवर बुद्धालाही बसवलं नाही. तो अवतार नाही, हे प्रतिज्ञेतच घातलं. खुर्चीच उचलून बाहेर ठेवली.

आता नीत्शेचा आणि आपला जुना हिशेब. १८८८ साली त्यानं मनुस्मृती वाचली, जाकोल्यो नावाच्या फ्रेंच माणसाच्या भाषांतरात. भाषांतर भरवशाचं नव्हतं असं पुढं अभ्यासकांनी दाखवलं. पण नीत्शे भारावला. त्याच वर्षी लिहिलेल्या एका पुस्तकात माणसाला 'सुधारणार्‍यां'वर प्रकरण आहे, त्यात तो चांडाळांचे नियम सांगतो. खायला लसूण-कांदा. पाणी नदीचं-विहिरीचं नाही, दलदलीच्या कडेचं नाहीतर जनावराच्या खुरानं पडलेल्या खड्ड्यातलं. भांडी फुटकी, कपडे मढ्यावरचे. हे वाचताना माझा घसा कोरडा पडला. पण त्याच प्रकरणात तो असंही म्हणतो की माणसाला नीतिमान करायला आजवर जी साधनं वापरली ती सगळी मुळातून अनीतीची होती. म्हणजे मनूला आणि लाईटला एकाच ठिकाणी पकडायची किल्ली त्याच्या हातात होती. दुसर्‍या पुस्तकात मात्र तो मनूचा गौरवच करून बसला. बाबासाहेबांनी हे वाचलेलं. १९८७ साली सरकारनं छापलेल्या तिसर्‍या खंडात ते दोघांना शेजारी ठेवतात आणि मनूला खालचा ठरवतात. नीत्शेचा अतिमानव निदान गुणावर, मनूचा फक्त जन्मावर.

नीत्शेचा आपल्यावरचा खरा आरोप वेगळाच आहे. तो म्हणतो, दुबळ्याला प्रत्यक्ष कृती करता येत नाही, मग तो मनातल्या मनात सूड घेतो आणि त्या आंबलेल्या सुडाला नीती म्हणतो. हा आरोप झटकू नका. तीनच्या चहाला आम्ही चौघं तेच करत होतो. कथेतला मिकामीही तेच करतो. लहानपणी मार खाल्लेला, दुबळ्यांच्या बाजूनं उभा राहिलेला पोरगा, मोठेपणी सरकारी वकील होऊन किराचा हात बनतो आणि एकेक नाव खोडल्यासारखं लिहितो. मला लाईटपेक्षा त्याची भीती वाटते. तो मला ओळखीचा वाटतो.

२९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी झालं. त्यानंतर चारपाच दिवसांनी तिकडं जपानात ही मालिका सुरू झाली. योगायोग आहे, मी त्याला अर्थ चिकटवत नाही. मी तेव्हा पहिलीत. बाप पेपर मोठ्यानं वाचायचा आणि मधेच थांबायचा. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी, दोन मुलं. २००८ साली सहा जणांना फाशी सुनावली, २०१० ला हायकोर्टानं ती पंचवीस वर्षांवर आणली, आणि अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागलाच नाही. नावं होती. चेहरे पेपरात होते. वहीला लागतं ते सगळं होतं. कुणी मला तेव्हा वही दिली असती तर?

या प्रश्नाचं स्वच्छ उत्तर माझ्याकडं नाही. एवढं दिसतं की १९२७ साली महाडला आपल्या माणसांनी कुणाचं नाव लिहिलं नाही. मार्चात तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. दगडधोंडे खाल्ले. डिसेंबरात पुस्तक जाळलं, तेच, नीत्शेला आवडलेलं. खुराच्या खड्ड्यातलं पाणी नेमून दिलेला माणूस दिवसाढवळ्या, तोंड न लपवता तळ्यात उतरतो. याला मनातला सूड म्हणताच येत नाही. लाईट दार लावून, बटाट्याच्या वेफरच्या पाकिटात टीव्ही दडवून लिहितो. ज्याला सगळी दारं उघडी, त्यानं दार लावून लिहावं?

आता माझी गोष्ट. कवितेच्या वहीत मागच्या पानावर मीही यादी केली होती, मालिका बघितली त्याच आठवड्यात. पहिलं नाव माझ्या आईची मजुरी बुडवणार्‍याचं. दुसरं, तिसरं तसंच, सबळ कारणाचं. परवा पान काढून बघितलं तर अकरा नावं. आठवं खात्यातल्या एकाचं, त्यानं माझ्या कवितेला हसलं होतं. तो आता माझ्या शेजारच्या साच्यावर असतो. काल माझ्या दोन बाजूंचे धागे एकदम तुटायला लागले तेव्हा न बोलावता आला, बोटं चालवली आणि परत गेला. त्याला अर्थातच काही माहीत नाही.