जुन्या वास्तूंतला विसावा



पौड-पिरंगुटहून कामानिमित्त पुण्यात गेलो की गर्दीने आणि गोंगाटाने जीव मेटाकुटीला येतो. अशा वेळी बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्याचा कोरीव लाकडी सज्जा समोर आला की पावले रेंगाळतात, मन निवते. असे का व्हावे?

संत थॉमस अक्वायनस यांनी सौंदर्याच्या तीन अटी सांगितल्या : पूर्णत्व, प्रमाणबद्धता आणि तेज. सेमिनरीत आम्ही त्या पाठ केल्या. वाड्याच्या चौकात त्या डोळ्यांना दिसतात. जाड भिंतींमुळे आत गारवा, वर आभाळाचा चौकोन. माणसाच्या मापाने बांधलेल्या जागेत माणूस सैलावतो.

मग तेच रूप दुसरीकडे उभारले तर तीच शांती मिळेल का? उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्याच मुळशी तालुक्यात, लवासातील दासवे येथे, इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर पाण्याकाठी रंगीत इमारती उभ्या राहिल्या. देखण्या आहेत, नाही असे नाही. पण पोर्तोफिनो मूळचे मच्छीमारांचे गाव, पिढ्यान्‌पिढ्या घराला घर जोडत वाढलेले. इथे रूप तेवढे आणले. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. तिथे फोटो काढावेसे वाटतात; निवांत बसावेसे वाटत नाही, निदान आम्हांला तरी.

विश्रामबागवाड्याचे तसे नाही. दुसऱ्या बाजीरावाने तो बांधला. पेशवाई गेली, तरी १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ मध्ये वाडा आगीत होरपळला, पुन्हा उभा केला गेला. पुढे नगरपालिकेचा कारभारही तिथून चालला. लोक वापरत राहिले, डागडुजी करत राहिले, म्हणून तो टिकला. आपल्या सिटी चर्चचेही तेच. सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये आपल्या पदरच्या ख्रिस्ती सैनिकांसाठी जागा दिली. परधर्मीय राज्यकर्त्याचा तो विश्वास आजवर सांभाळला गेला आहे. जुन्या वास्तूत मन शांत होते त्याचे कारण, आम्हांला वाटते, हेच : आपल्या आधी कुणीतरी आपल्यासाठी ती जागा राखली, हे न सांगता कळते.

मात्र पेठांतला वाडा पाडला गेला की हळहळणाऱ्यांनी आत राहणाऱ्याचाही विचार करावा. छप्पर गळते, सामाईक संडासापुढे रांग लागते. आमच्या मनःशांतीसाठी तुम्ही तसेच राहा, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? यरुशलेमच्या मंदिराचे भव्य चिरे पाहून शिष्य हरखले, तेव्हा प्रभूने त्यांना त्या चिऱ्यांत गुंतू दिले नाही. ज्यांना वाडा हवा आहे त्यांनी कौलांचा खर्चही वाटून घ्यावा.

आपल्या देवळांनाही हाच न्याय लागू आहे. छप्पर गळते, जागा पुरत नाही, तेव्हा पाडून मोठे बांधू, अशी सूचना अनेक धर्मग्रामांत येते. कधी ती खरी गरज असते. पण आधी जाणता सुतार आणि गवंडी आणून वासे, भिंती तपासून घ्याव्यात, दुरुस्तीचा आकडा मागवावा, आणि मग सभेत हात वर करावा.