तारीख येते, तसा धडाही येऊ द्या

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात रविवारी वर्ग भरत असे. विनोबा गीतेवर बोलत, सोबतचे कैदी ऐकत आणि साने गुरुजी भराभर लिहून घेत. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असे गजांआड जन्मले. तुरुंगातही शाळा भरू शकते, हे महाराष्ट्राला नव्याने शिकवायला नको.

मग आज अडले कुठे? २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर बंदी होते. त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे चारांतल्या तिघांवरचा गुन्हा शाबीतच व्हायचा होता. इग्नूची, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे तुरुंगांत चालतात, पुस्तके पोचतात. पण प्रवेशअर्ज, हॉलतिकीट, व्याख्याने हे सगळे आता इंटरनेटवर गेले आणि बराकीत इंटरनेट नाही. बाहेरच्याची सोय झाली. आतल्याला मात्र एका अर्जासाठीही दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते.

तुरुंगात तार पोचतच नाही, असेही नाही. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची, म्हणजे व्हीसीची खोली पाहा. कैद्याला बाकावर बसवतात, पडद्यावर कोर्ट दिसते, पुढची तारीख मिळते आणि दोन-चार मिनिटांत तो उठतो. तारीख ज्या तारेवरून येते, त्याच तारेवरून धडा का येऊ नये?

सुरक्षेची काळजी रास्त आहे, पण तिच्यावर तोड आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या तुरुंगांत ‘एलिस’ नावाची बंदिस्त शिक्षणव्यवस्था चालते. धडे आत येतात, कैद्याला बाहेरचे जाळे मोकळे मिळत नाही.

‘गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला?’ असे कोणी विचारील. ज्याच्या घरावर घाला पडला, त्याचा संताप मी खोटा मानत नाही. पण न्यायालय शिक्षा देते ती स्वातंत्र्य काढून घेण्याची, अज्ञानाची नव्हे. तुरुंगात गेल्याने माणसाचे सगळे मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने सुनील बत्रा खटल्यात १९७८ सालीच बजावले. आणि बहुतेक कैदी एक दिवस सुटतात, आपल्याच गल्लीत परततात. तेव्हा काही शिकून आलेला माणूस आपल्याला हवा, की आत फक्त दिवस मोजून आलेला?

कारागृह विभागाने आणि विद्यापीठांनी एकत्र बसून त्याच तारेवरून धडे पोचवायचे, एवढे तरी ठरवावे. निवृत्त शिक्षकांनी आठवड्याचा एक तास द्यावा. रविवारी कोर्ट बंद असते आणि व्हीसीचा पडदा रिकामा असतो. धुळ्याचा वर्गही रविवारीच भरत होता.